मंत्रचळ म्हणून हसू नका : ओसीडी हा आजार आहे, उपचार हा हक्क आहे



ताप आला की आपण दवाखाना गाठतो. घरातला पोरगा दिवसातून पन्नास वेळा हात धुवायला लागला, तर मात्र आपल्या वस्तीत दोनच वाटा दिसतात. एक देवऋषीकडे जाते, दुसरी गप्प बसण्याकडे. चळवळीत तिसरी वाट आहे, उपदेशाची: "कार्यकर्त्याने मन खंबीर ठेवले पाहिजे." या तीन वाटांनी जाऊन कुणी बरे झालेले आम्ही वस्तीतल्या कामात पाहिलेले नाही. चौथी वाट सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागाकडे जाते. ती आपल्या हक्काची आहे आणि ती चळवळीने दाखवली पाहिजे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. यात नको असलेला विचार, शंका किंवा चित्र डोक्यात पुन्हा पुन्हा घुसते आणि जीव घाबरा होतो. ती घाबरगुंडी शमवण्यासाठी माणूस एखादी कृती पुन्हा पुन्हा करतो: हात धुणे, कडी तपासणे, मोजणे, मनातल्या मनात एकच वाक्य घोकणे, "काही वाईट होणार नाही ना?" असे घरच्यांना विचारत राहणे. कृती केली की थोडा वेळ बरे वाटते. मग शंका परत येते आणि कृतीची गरज वाढत जाते. यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा शिक्षण, काम, नाती अडत असतील, तर त्याला "स्वभाव" म्हणून सोडून देता येत नाही. जगभरातल्या पाहण्यांनुसार शंभरातल्या साधारण एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बहुतेकांना तो किशोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतो. म्हणजे नेमका आपली पोरे वसतिगृहात आणि अभ्यासिकेत असतात त्या वयात.

टीव्हीवरचा ओसीडी चकचकीत घरात राहतो. आपल्याकडचा सार्वजनिक नळावर राहतो. जिथे पाणी तासभर येते, तिथे एकट्या माणसाला आंघोळीला सहा बादल्या लागल्या की घरात रोज भांडण होते. सामाईक संडासाच्या कडीला हात लावता येत नाही, म्हणून एखादी मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी एकच परिच्छेद वीस वेळा वाचतो, कारण "नीट वाचला नाही" ही शंका सुटत नाही. परीक्षेत गोल बरोबर भरला का हे तपासता तपासता वेळ संपतो, आणि घरचे म्हणतात, पोरगं अभ्यासच करत नाही. वंदना घेताना एखादी उपासिका त्रिसरण पुन्हा पहिल्यापासून म्हणते, कारण एक शब्द चुकला असे तिला वाटते. मग पुन्हा. आणि पुन्हा. लोक तिला श्रद्धाळू म्हणतात. तिला मात्र आतून सुटका हवी असते.

मराठीत या आजाराला जुना शब्द आहे, मंत्रचळ. शब्दातच मंत्र बसला आहे. मंत्राच्या नादात माणूस चळला, अशी त्यामागची समजूत. ज्या समाजाला मंत्र ऐकण्याचीही बंदी होती, त्या समाजातल्या पोरालाही आज हाच शब्द चिकटवला जातो आणि वर हसले जाते. आपल्यातले काही कार्यकर्ते आणखी पुढे जातात. सतत हात धुणाऱ्या सोबत्याला ते म्हणतात, "तुला बामणी सोवळ्याची लागण झाली."

हे बोलणे तपासून पाहू. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी 108 घागरी पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून ते तळे "शुद्ध" करून घेतले. ती माणसे आजारी नव्हती. त्यांना शंकेने पछाडले नव्हते. आपण शुद्ध आणि समोरचा अशुद्ध, याची त्यांना पक्की खात्री होती आणि त्या खात्रीतून त्यांना सत्ता मिळत होती. सोवळे ही समाजव्यवस्था आहे. ती घाण दुसऱ्याच्या अंगावर ढकलते आणि त्याला तळ्यापासून दूर ठेवते. ओसीडीचा रुग्ण कुणालाच दूर ठेवत नाही, तो स्वतःच्याच हाताला घाबरतो. आपली भीती अवास्तव आहे हे बहुतेक रुग्णांना कळत असते, तरी थांबता येत नाही. सत्ता तर दूरच, त्याच्या हाताची साले निघालेली असतात. या दोन गोष्टी एकच मानल्या तर आपल्याला जातही कळली नाही आणि आजारही कळला नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी काळजी घ्या. रुग्णाला सोवळा म्हणू नका, आणि जातीयवाद्याला "त्याला ओसीडी आहे" म्हणून सूटही देऊ नका.

या आजाराचा एक प्रकार असा आहे, ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. आईला तान्ह्या बाळाला इजा करण्याचे विचार येतात. सभ्य मुलाला लैंगिक चित्रे दिसतात. आणि बौद्ध घरातल्या पोराला बुद्धमूर्तीसमोर किंवा बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभे राहिल्यावर शिवी आठवते, विटंबनेचे चित्र डोळ्यांसमोर येते. हे पोर कुणाला सांगणार? ज्या घरात बाबासाहेब म्हणजे श्वास आहे, तिथे असा विचार मनात आला हे उच्चारणे म्हणजे घराबाहेर जाणे, असे त्याला वाटते. मग तो जयंतीच्या मिरवणुकीला येत नाही, विहारात पाय ठेवत नाही. आपण म्हणतो, चळवळीपासून तुटला.

त्या पोराने हा लेख वाचला तर त्याला आम्हाला थेट सांगायचे आहे: तू गद्दार नाहीस. हा आजार माणसाला जे सर्वात प्रिय आहे, नेमके त्यावरच घाव घालतो. ज्या आईचा बाळात जीव गुंतला आहे, तिलाच इजेचे विचार छळतात. ख्रिस्ती, मुस्लिम, हिंदू रुग्णांनाही आपापल्या श्रद्धास्थानांबद्दल असेच विचार येतात आणि मनोविकारतज्ज्ञांना ही गोष्ट चांगली माहीत आहे. असा विचार मनात येणे हा गुन्हा नाही आणि ती तुझी इच्छाही नाही. डॉक्टरला सांग. तो दचकणार नाही.

आता उपचाराबद्दल. दोन उपचार सिद्ध झालेले आहेत. पहिला वर्तन उपचार, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ईआरपी म्हणतात. लंडनमधल्या व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये ही पद्धत मांडली. तत्त्व साधे आहे. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. उदाहरणार्थ, नळाची तोटी धरायची आणि हात न धुता थांबायचे. घबराट चढते, पण कायम चढत राहत नाही. न धुताही आपण निभावून नेऊ शकतो, हे मेंदू हळूहळू शिकतो. हे प्रशिक्षित माणसाच्या मदतीने आणि रुग्णाच्या संमतीनेच करायचे. घरच्यांनी जबरदस्तीने पोराचे हात चिखलात घालणे म्हणजे ईआरपी नव्हे, तो छळ आहे.

दुसरा उपचार गोळ्यांचा. फ्लुऑक्झेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्झामिन या गटातली औषधे, काही वेळा क्लोमिप्रामिन. इथे दोन गोष्टी ठाऊक नसल्याने लोक उपचार सोडतात. एक, या आजारात डोस बऱ्याचदा उदासीनतेच्या आजारापेक्षा जास्त लागतो. दोन, पूर्ण गुण दिसायला दहा-बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून गोळ्या फेकू नयेत. बरे वाटल्यावरही निदान एक-दोन वर्षे औषध चालू ठेवायला सांगतात. बंद करायचे ते डॉक्टरच्या सल्ल्यानेच, हळूहळू. "गोळ्यांची सवय लागते" ही भीती घरोघरी आहे, पण या गोळ्या नशेच्या नाहीत. सगळेच पूर्ण बरे होतात असा दावा आम्ही करणार नाही. पण नीट उपचार घेणाऱ्या बहुतेकांचा त्रास चांगलाच कमी होतो आणि माणूस कामाला, अभ्यासाला परत लागतो.

घरच्यांचेही एक काम आहे. रुग्णाला हसू नका, मारू नका. पण प्रेमापोटी त्याच्या वतीने कडीही तपासत बसू नका आणि शंभरदा "काही होणार नाही रे बाळा" अशी खात्रीही देऊ नका. त्या खात्रीवरच आजार पोसला जातो. हे एकदम न थांबवता, उपचार करणाऱ्याशी बोलून हळूहळू कमी करायचे.

आपल्या लोकांचे तीन आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो.

पहिला: "विपश्यनेला पाठवा, बरा होईल." ध्यानाबद्दल आम्हाला आदर आहे, पण ध्यान हे ओसीडीच्या उपचाराची जागा घेऊ शकत नाही. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारली जाते. ती लपवून पोराला पाठवू नका. स्वतः तथागतांनी आजारपणात जीवक वैद्याचे औषध घेतले, हे विनयपिटकात आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या आणि सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी धुतले, हेही तिथेच आहे. बुद्धाचा अनुयायी आजाऱ्याला औषधापासून दूर ठेवूच शकत नाही.

दुसरा: "हे सगळे जातिव्यवस्थेमुळे होते, व्यवस्था बदला, आजार जाईल." आम्ही समाजशास्त्र शिकलो आहोत. अपमान, असुरक्षितता आणि गरिबी माणसाचे मन पोखरते, हे आम्ही नाकारत नाही. पण ओसीडी सगळ्या जातींत, सगळ्या देशांत होतो. त्यात आनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या कामकाजाचाही वाटा आहे. जात दिसते ती पुढच्या टप्प्यावर: कुणाला निदान मिळते, कुणाला देवऋषीचा फटका मिळतो, कोण आठवड्याला मानसोपचाराची फी भरू शकतो, कुणाची रोजंदारी बुडते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. आजारानुसार 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना होते, असे त्यात दिसले. आजार जात विचारून येत नाही, पण उपचाराच्या दारात जात आणि खिसा दोन्ही उभे असतात. आपली लढाई त्या दारात आहे.

तिसरा: "चळवळीसमोर मोठे प्रश्न असताना हे कुठे काढता?" शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असे आपण म्हणतो. जे पोर पान उलटू शकत नाही ते शिकणार कसे? जी मुलगी दाराच्या कडीपासून हलू शकत नाही ती सभेला येणार कशी? माणूसच घरात कोंडला गेला तर मोठे प्रश्न कोण लढणार?

हक्क कागदावर आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चे कलम 18 प्रत्येकाला सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देते आणि जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभावाला मनाई करते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी यंत्रणेत हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत, असेही ते म्हणते. त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी अठरा वर्षे झुंज दिली आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला त्यांचा खून झाला. आजार तीव्र आणि दीर्घकाळचा असेल तर अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 खाली दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही मागता येते.

कायदा आपोआप दारात येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून ठोस कामे मांडतो. प्रत्येक विहारात आणि अभ्यासिकेत 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक लावा. तिथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच्यासमोर बसून हा क्रमांक फिरवा. जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग कोणत्या वारी चालतो, औषधे खिडकीवर मिळतात का, याची माहिती काढा. मिळत नसतील तर लेखी तक्रार करा, माहितीचा अधिकार वापरा. मानसशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींना ईआरपीचे प्रशिक्षण घ्यायला लावा. 14 एप्रिलच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखर तपासतो, तिथे एक टेबल मनाच्या आजारांसाठी ठेवा. आणि पहिल्या भेटीला रुग्णासोबत जा. केसपेपरच्या रांगेत सोबत कुणी असले की अर्धी भीती तिथेच उतरते.

चवदार तळ्यावर आपण पाण्यासाठी गेलो नव्हतो, माणूस म्हणून समान हक्क मिळवायला गेलो होतो. मनोविकार विभागाच्या रांगेत उभे राहणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. तिथे मान खाली घालून जाण्याचे कारण नाही.

जय भीम!