तुझी पेटी ऐकूच येत नाही गं!

परवा आमच्याकडे चार गोधड्यांवरून भांडण झालं.

संध्याकाळी बचत गटाच्या बायका यायच्या होत्या, म्हणून मी मागची खोली आवरायला गेले. पाहते तर काय! कपाटाची दारं सताड उघडी, त्यांवर सासूबाईंच्या हातच्या गोधड्या टांगलेल्या, खिडकीला चादर, ऐन मे महिन्यात पंखा बंद, आणि मधोमध आमची लेक घामाघूम होऊन पेटी वाजवत बसलेली. ‘‘हा काय पसारा मांडलायस गं?’’ म्हणत मी एक गोधडी ओढली. तिनं भाता सोडला आणि कपाळावर हात मारला. ‘‘आई, इतकं छान चाललं होतं! आता पुन्हा पहिल्यापासून.’’

लेक बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणी पेटीच्या तीन परीक्षा दिल्या आणि दहावीचं वर्ष आलं तशी पेटी माळ्यावर गेली. तशी ती बहुतेक घरांत जाते. वर्षापूर्वी तिनं ती खाली काढली, ती कशासाठी, तर व्हिडिओ गेममधलं संगीत वाजवायला! माझा पुतण्या पुण्यात असतो, तो गिटार वाजवतो. तो त्याचा भाग तिकडे रेकॉर्ड करून पाठवतो. ही इथे पेटी वाजवते आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर, ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन्ही जुळवते. ‘‘भजन नाही, भावगीत नाही, गेमचं म्युझिक कसलं वाजवतेस?’’ असं मीही म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू?

मग मला माझंच लहानपण आठवलं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम गावोगावी आले होते. माझ्या भावाकडेही होता. त्याला रिमोट दोन. एक भावाच्या हातात, दुसरा त्याच्या मित्राच्या. मी पोहे नेऊन द्यायची. मारिओ मी एकदाही खेळले नाही, पण त्याची धून मला आजही तोंडपाठ आहे, कारण ती स्वयंपाकघरात ऐकू यायची! १९८५ साली कोजी कोंडो या जपानी संगीतकारानं ती केली. त्या यंत्रातून एका वेळी जेमतेम पाच आवाज निघत, त्यातला एक तर नुसत्या खरखरीचा. त्या खरखरीतूनच ताल काढायचा. डब्यात असेल त्यात भागवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पुढे २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ही धून घेतली.

लेकीनं सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. या संगीतात बायका पहिल्यापासून आहेत. १९८७च्या ‘रॉकमन’ गेमचं संगीत मनामी मात्सुमाए या बाईंचं. योको शिमोमुरा पियानो शिकलेल्या. पियानोची शिक्षिका व्हायचं सोडून १९८८ साली त्या गेम बनवणाऱ्या कंपनीत गेल्या, तेव्हा घरचे नाराज झाले होते. १९९१चा ‘स्ट्रीट फायटर टू’ गाजला, त्यातलं बहुतेक संगीत त्यांचं. पण त्या काळी गेमच्या शेवटी येणाऱ्या नामावलीत संगीतकारांची अनेकदा टोपणनावंच असत. म्हणजे धून घरोघरी आणि बाईचं नाव कुठेच नाही! २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला खेळाडूंचं संचलन झालं ते गेममधल्या धुनांवर, आणि त्यांत शिमोमुरांच्याही धुना होत्या. आपला संघ कधी येतो म्हणून मीही टीव्हीपुढे बसले होते. कानावर काय पडतंय, याची मला कल्पनाही नव्हती.

सध्या या दोघांनी शिमोमुरांचीच ‘किंगडम हार्ट्‌स’ या २००२च्या गेममधली एक धून घेतली आहे. संथ, मूळ पियानोवरची. आता यात कष्ट काय असतात, ते मी शेजारी बसून पाहिलं म्हणून सांगते. गोधड्या कशाला, तर उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि सगळं न्हाणीघरात वाजवल्यासारखं वाटतं. पंखा बंद, कारण त्याची घरघर माईक आधी पकडतो. पेटीचे सूर बसल्याजागी पिळून बदलता येत नाहीत. आमची जुनी पेटी किंचित चढी निघाली, म्हणून पुण्यातल्या गिटारला तिच्याशी जुळवून घ्यावं लागलं.

पुढचं काम मिक्सिंगचं. कुणाचा आवाज किती ठेवायचा, कोण थोडं डावीकडून, कोण उजवीकडून ऐकू यायचं, कुठे जरासा घुमारा द्यायचा, हे सगळं कानानं ठरवायचं. आणि शेवटी मास्टरिंग. म्हणजे ताट वाढण्याआधीची शेवटची चव. सगळी धून एकसंध लागतेय ना, मोबाइलवर, इअरफोनवर, काकांच्या गाडीत सारखीच बरी वाटतेय ना, हे तपासायचं. आवाज उगाच वाढवून ठेवण्यात अर्थ नाही. यूट्यूबवर टाकलं की फार मोठा आवाज तिथे आपोआप खाली आणला जातो. मग उरतो नुसता कर्कशपणा.

तर, पहिलं मिक्सिंग झाल्यावर तिनं मला ऐकवलं. गिटार सुरेख होती. पण पेटी कुठेतरी शेजारच्या घरात वाजत असल्यासारखी. मी म्हटलं, ‘‘तुझी पेटी ऐकूच येत नाही गं!’’ तर म्हणाली, ‘‘आपलंच मोठं कसं ठेवायचं? बरं नाही दिसत.’’

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं माझ्या पोटात कालवलं. कारण हे तिला गेमनं शिकवलेलं नाही. हे तिनं माझ्याकडून उचललंय. बैठकीत मुद्दा माझा असतो आणि मी म्हणते, ‘‘आमचे हे म्हणतात की...’’ भाजी छान झाली म्हटलं की ‘‘तेलच चांगलं होतं’’ म्हणते. मुलगी हे वर्षानुवर्षं ऐकत असते.

मी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘काकू, नुसती पेटी वाढवून नाही चालणार. गिटार आणि पेटी एकाच पट्टीत भांडतायत. माझी गिटार तेवढ्याच जागी थोडी छाटायला सांगा, पेटी आपोआप वर येईल.’’ तिनं तसं केलं. पेटी जराही न वाढवता स्वच्छ ऐकू आली. गिटारचंही काही बिघडलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण मुलींना ‘धीट हो, बोलत जा’ असं सांगतो. पण घरातला टीव्ही, मिक्सर, फोनवरच्या गप्पा, पाहुण्यांची वर्दळ आहे तशीच ठेवतो आणि तिनंच ओरडावं अशी अपेक्षा करतो. तिचं ऐकू यायचं तर बाकीच्यांनी तेवढ्यापुरतं थोडं खाली यायला हवं. तिला वेगळी खोली देणं सगळ्यांना परवडत नाही, आम्हालाही नाही. दिवसातला एक तास मात्र कुणालाही देता येतो.

‘याचे पैसे मिळतात का?’ असं मला भिशीत विचारलं. नाही मिळत, आणि चाल दुसऱ्याची आहे, तेव्हा विकायची झाली तर रीतसर परवानगी घ्यावी लागते. मूळ संगीतकाराचं नाव मात्र लेक न चुकता लिहिते. पण सगळंच पैशांत कशाला मोजायचं? गेल्या दिवाळीत मी वस्तीतल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर घेतल्या होत्या. पंख्याच्या आवाजात शब्दच कळेनात. लेकीनं तीन रात्री बसून त्या साफ केल्या. आजींनी कानाला फोन लावून स्वतःचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, ‘‘ही मीच का?’’ गेमच्या संगीतावर हात बसला नसता, तर हे तिला जमलं नसतं.

आता आमच्याकडे दुपारी तीन ते चार मिक्सर लागत नाही. सासूबाईंनी मालिकेचं पुनःप्रक्षेपण सोडलं, ही त्यांची देणगी मोठी. फक्त गोधड्या टांगायच्या आधी विचारत जा, असं त्यांनी नातीला बजावलं आहे.

आणि यूट्यूबवर तिचं नाव गिटारच्या आधी लिहायचं की नंतर, यावर अजून घरात वाद चालू आहे. या वादात मात्र तिचा आवाज छान ऐकू येतो!