खाल्लेलं अंगी लागतं का?

पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीवरून आजी नातवाला घेऊन ओपीडीत येते. बाळ चौदा महिन्यांचं, वजन जेमतेम साडेसात किलो. "डॉक्टर, खातो सगळं, पण अंगी लागत नाही," ही तिची तक्रार. काय खातो विचारलं, तर तांदळाची पातळ पेज, वरणाचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्किट. पिशवीतून प्रोटीन पावडरचा महागडा डबाही निघतो, मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने पाठवलेला. महाड-पोलादपूरमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरला हे चित्र नवीन नाही.

आजीचा प्रश्न मात्र अगदी नेमका आहे. पोटात गेलेलं अन्न आणि अंगी लागलेलं अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक फार काटेकोरपणे मोजला जातो तो वराहपालनात. आधुनिक फार्ममध्ये पिल्लाला तीन-चार आठवड्यांचं असताना आईपासून तोडतात. दूध थांबतं आणि सोयाबीनची पेंड सुरू होते. कोवळ्या आतड्याला ती झेपत नाही. सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचवणाऱ्या विकरांना अडवतात, फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवतं, काही शर्करा न पचता मोठ्या आतड्यात जाऊन वायू करतात. पिल्लाला हगवण लागते, वाढ खुंटते. पूर्वी यावर खाद्यातून प्रतिजैविकं देत. वाढीसाठी त्यांचा असा वापर युरोपीय संघाने २००६ पासून बंद केला. तेव्हापासून पेंड जिवाणू किंवा बुरशी वापरून आंबवून देण्याकडे कल वाढला. आंबवताना मोठी प्रथिनं आधीच फुटतात, अडवणारे घटक कमी होतात आणि पचन सुधारतं.

डुकराच्या पिल्लाशी बाळाची तुलना केली म्हणून राग मानू नका. त्याची पचनसंस्था माणसाच्या बरीच जवळची आहे. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रथिनांची प्रत ठरवण्याची नवी पद्धत सुचवली. माणसावर चाचणी शक्य नसेल तिथे उंदरापेक्षा वाढत्या डुकरावर मोजावं, असं त्यांनी म्हटलं.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे या. रायगडात भात काढल्यावर शेतातल्या ओलीवर वाल होतात, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी होते. वाल रात्रभर भिजवायचे, पाणी ओतून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग सोलून बिरडं करायचं. यात प्रत्येक पायरीला कारण आहे. भिजवल्याने आणि मोड आल्याने फायटेट आणि वायू करणाऱ्या शर्करा घटतात. सालीबरोबर प्रथिनांना बांधून ठेवणारं टॅनिन जातं. शिजवल्यावर विकरांना अडवणारे घटक बव्हंशी निकामी होतात. आंबिलीतलं आंबणंही याच दिशेचं काम करतं.

बाळाची दुसरी अडचण जठराच्या आकाराची. ते एका वेळी किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न घेतं, म्हणजे साडेसात किलोच्या बाळाला जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे ५५० कॅलरी लागतात. पाण्यासारख्या पेजेने पोट भरेल, गरज भागणार नाही. पेज घट्ट केली तर बाळ गिळत नाही. यावर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात काम केलं. तांदळाच्या घट्ट पेजेत मोड आणलेल्या धान्याचं थोडं पीठ घातलं, की त्यातलं विकर स्टार्च तोडतं आणि पेज सैल होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त अन्न मावतं.

म्हणून सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालू ठेवून बाळाला मोड आणलेल्या, वाळवून मंद आचेवर भाजलेल्या नाचणीचं आणि मुगाचं पीठ शिजवून द्यावं. नाचणीत लायसिन कमी, कडधान्यात भरपूर. दोन्ही एकत्र आली की प्रथिनांची प्रत सुधारते. चोथा गाळून टाकू नये, कॅल्शियम त्याबरोबर जातं. वर चमचाभर तेल किंवा तूप घालावं. कच्चे मोड बाळाला कधीच देऊ नयेत. ओलाव्यात जंतूही वाढतात. घरात चालत असेल तर अंडं, मासळी द्यावीच, मोड हा त्यांना पर्याय नव्हे. आणि वजन घटत असेल, पायाला सूज असेल, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के बालकं कमी वजनाची आहेत. अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहाराच्या पाकिटावर कॅलरी आणि प्रथिनांचे आकडे असतात. त्यातलं किती पचतं, हा प्रश्नही निविदेत असायला हवा. मोड आणणं, वाळवणं, भाजणं, दळणं हे काम इथल्या बचत गटांच्या बायकांना शिकवावं लागणार नाही, त्यांना फक्त काम द्यावं लागेल.

पिल्लाचं वजन वाढलं नाही की धंद्यात तोटा होतो, म्हणून तिथे पचनाचा हिशेब ठेवला जातो. वाडीवरच्या बाळासाठी तो हिशेब आपण ठेवायचा आहे.