मुकी लहर कीं मोकळी लहर?

दापोलीच्या माळावरून आसूदच्या पोफळीच्या आगरांत उतरूं लागलें, कीं खिशांतला मोबाईल पुष्कळदां मुका होतो. वीत-दोन वीत सरकावें, तों पुन्हां बोलूं लागतो. मुलांस हा यंत्राचा लहरीपणा वाटतो. परंतु दोष यंत्राचा नव्हे. मधला डोंगर लहरी अडवितो, आणि उरलेल्या लहरी कातळांवर व झाडांवर आपटून निरनिराळ्या वाटांनीं येतात. त्या कोठें एकमेकींस बळ देतात, कोठें पुसून टाकतात.

यांतूनच एक चमत्कारिक पेंच उद्भवतो. दूरदर्शनच्या प्रक्षेपणाकडे २०१४ सालीं असलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत आठ-आठ मेगाहर्ट्झच्या १५ जागा बसतात. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनीं २०१४ सालीं हिशेब मांडला, तेव्हां देशांत जवळजवळ सर्वत्र त्यांपैकीं निदान १२ मोकळ्या आढळल्या. पालघरकडील खेड्यांत इंटरनेट पोंचविण्यासाठीं त्यांनीं याच पट्ट्याचा प्रयोगहि केला. दुसऱ्याची जागा मोकळी असेल तेव्हांच वापरावी व मालक येतांच सोडावी, अशा रेडिओस ‘कॉग्निटिव्ह’ म्हणजे जाणता रेडिओ म्हणतात. जोसेफ मिटोला यांनीं हें नांव १९९९ च्या सुमारास रूढ केलें.

पण जागा मोकळी आहे हें ठरवावयाचें कोणीं? आसूदच्या खोलांतील रेडिओस कांहींच ऐकूं आलें नाहीं म्हणून तो खुशाल बोलूं लागला, तर वर माळावर मालकाचें प्रक्षेपण पाहत बसलेल्या घराचा विचका होणार. ऐकूं न येणें म्हणजे कोणी हांक न मारणें नव्हे, हें घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांस सांगावयास नको!

उपाय असा कीं, पांच रेडिओंनीं ऐकावें व आपला कौल एका ठिकाणीं कळवावा. प्रत्येकास मालकाचा आवाज दहांत तीन वेळां हुकतो असें धरा. एकानेंहि ‘मालक आहे’ म्हटल्यास थांबावयाचें असें ठरविलें, तर पांचांनाहि तो एकदम हुकणें हजारांत दोन-अडीच वेळांच घडेल. मात्र भासानें ओरडणारेहि असतात. तशी चूक प्रत्येकाकडून दहांत एकदां होते असें मानलें, तर मोकळी लहर शंभरांत ४१ वेळां उगाच सोडावी लागेल. बहुमत घेतलें तर हें नुकसान शंभरांत एकाहूनहि कमी. पण मालक शंभरांत १६ वेळां हुकेल. मला विचाराल तर, जागा दुसऱ्याची असतां पहिलाच नियम बरा.

आणि हें सारें गणित पांचांच्या चुका एकमेकांवर अवलंबून नसतील तरच खरें. पांचहि जण आसूदच्या एकाच डोंगराआड बसले, तर पांच कानांचा जवळजवळ एकच कान होतो. म्हणून एकास आगरांत बसवावें, एकास दापोलीच्या माळावर, एकास मुरुडास आणि एकास हर्णैच्या किनाऱ्यावर. पांचवा कोठेंहि असो, पण आसूदच्या खोलांत नको.