तीनशेचा वेग आणि दीड हाताची भिंत

श्रावणात आपल्या मंडळाचं ऑनलाइन काव्यवाचन झालं, ते तुमच्यापैकी पुष्कळांना माझ्यामुळेच आठवत असेल. दुसऱ्या कडव्याला मी तोंड उघडं ठेवून जी गोठले, ती गोठलेच. सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीने "हा कवितेतला विराम असावा" म्हणून सांभाळून घेतलं. मी परत आले तेव्हा आभारप्रदर्शन चालू होतं.

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं, इंटरनेटची कंपनी बदलायची. दादाने लगेच दुजोरा दिला. तो पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो, त्यामुळे त्याचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं. आमचं कनेक्शन ४० एमबीपीएसचं आणि नवी कंपनी ३०० द्यायला तयार. त्यांचा माणूस दारात येऊन सांगून गेला होता, "वर्षाचं एकदम भरलासा तर राउटर फ्री बघा." चाळीस कुठे आणि तीनशे कुठे! यात विचार करण्यासारखं आहे तरी काय, असं आम्हा दोघांना वाटलं.

आज्जीने भाकरी मोडता मोडता एकच विचारलं, "मग फोनचा नंबर?"

आमचा लँडलाइन त्याच कनेक्शनवर चालतो. ०८३१ ने सुरू होणारा तो नंबर आज्जीच्या सगळ्या नातलगांना पाठ आहे. रत्नागिरीची तिची बहीण दर रविवारी त्याच नंबरावर फोन करते. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे, लँडलाइनला ती नाही. कनेक्शन सोडलं की नंबर गेला. दादा म्हणाला, "आज्जीला मोबाइल घेऊया की." आज्जी काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिने दूधभाकरी अर्धीच खाल्ली.

म्हणून मी ठरवलं, नंबर घालवायचाच असेल तर तो कशासाठी घालवतोय ते आधी बघू.

आमचं घर शहापुरातलं, जुन्या पद्धतीचं, बोळासारखं लांब. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी मागची खोली. मधल्या भिंती दीड-दीड हात जाडीच्या. राउटर सोप्यात, टीव्हीच्या मागे, कारण वायर तिथूनच आत आली. आणि दादाचं ऑफिस, माझा अभ्यास, माझं काव्यवाचन सगळं मागच्या खोलीत! आठवडाभर मी सकाळी आणि रात्री नऊला वेग मोजला. एकदा लॅपटॉपला राउटरची वायर थेट लावून आणि एकदा मागच्या खोलीत वायफायवर. वायरीने ३७-३८ मिळायचे, रात्रीसुद्धा. मागच्या खोलीत ४ किंवा ५, आणि वर पाठवायचा वेग तर एकाच्याही खाली. माझी कविता तुमच्यापर्यंत पोचायची ती याच वर जाणाऱ्या वाटेने.

म्हणजे कंपनी चाळीस देत होती. ते आमच्या भिंती खात होत्या. तीनशेचं कनेक्शन घेऊन राउटर त्याच टीव्हीच्या मागे ठेवला असता, तर मागच्या खोलीत फार काही बदललं नसतं. वायफायच्या दोन पट्ट्या असतात. ५ गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमणारी, २.४ ची संथ पण लांब जाणारी. जाहिरातीतला आकडा राउटरपर्यंत येतो, पुढचा प्रवास आपल्या घराचा असतो.

आम्ही बाजारातून वीस मीटर वायर आणली, छताच्या कडेने मागच्या खोलीपर्यंत ओढली आणि दादाच्या लॅपटॉपला लावली. राउटर टीव्हीच्या मागून काढून माजघराच्या दारावर उंच बसवला. खर्च एका महिन्याच्या बिलाहून कमी. आता दादाला ३८ मिळतात आणि मला वायफायवर वीसच्या आसपास.

वीस पुरे का? २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते, आणि २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. स्वच्छ व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस लागतात, चांगल्या प्रतीच्या सिनेमाला पाच. आणखी एक गोष्ट, जाहिरातीतले 'एमबी' हे मेगाबिट असतात आणि फाइलचे 'एमबी' मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून चाळीसच्या कनेक्शनवर एक जीबीची फाइल उतरायला साडेतीन मिनिटं लागतात, तीनशेवर अर्धा मिनिट. ज्यांच्या घरी रोज मोठे व्हिडिओ चढवायचे-उतरवायचे असतात, त्यांनी तीनशे खुशाल घ्यावेत. आमच्या घरात ती तीन मिनिटं कुणाला नडत नाहीत.

इथे लेख संपवला असता तर मी जिंकले असते. पण दादाने जुलैची आठवण काढली, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुलैच्या पावसात गल्लीच्या कोपऱ्यावरच्या झाडाची फांदी पडली, वायर तुटली, राउटरवर लाल दिवा लागला तो चार दिवस तसाच. तक्रारीचा नंबर मिळाला, माणूस मिळाला नाही. दादाने त्या चार दिवसांत दोन रजा टाकल्या आणि उरलेले दोन दिवस मित्राच्या घरी जाऊन बसला. आज्जीचा रविवारही त्यातच गेला.

मग मी गल्लीत चौकशी केली. नवी कंपनी ज्यांच्याकडे आहे त्या घरांतही त्या दिवशी इंटरनेट गेलं होतं, कारण दोन्ही कंपन्यांच्या वायरी एकाच खांबावरून, त्याच झाडाखालून येतात. कंपनी बदलून खांब बदलत नाही. फरक एवढाच, की त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी माणूस शिडी घेऊन आला.

मला वाटतं, कनेक्शन बदलण्याचं खरं कारण हे असतं, चार दिवस आणि दोन दिवस यातलं अंतर. जाहिरातीच्या फलकावर ते कधीच लिहिलेलं नसतं. त्यामुळे आपण आकडा विचारतो, माणूस विचारत नाही. बदलायचा विचार करत असाल तर विक्रीला आलेल्या माणसाला 'किती एमबीपीएस' हे शेवटी विचारा. आधी शेजारच्या चार घरांत विचारा: बंद पडलं तर कोण येतं आणि कितव्या दिवशी येतं? आणि त्याच्याही आधी वायर लावून आपल्याच घरात मोजा. वायरीवरसुद्धा ठरल्याच्या निम्मा वेग रोज रात्री मिळत असेल, तर मात्र तक्रार करा, आणि ऐकलं नाही तर बिनधास्त बदला.

आमच्याकडे सध्या तह झालाय. बाबांनी वर्षाचे पैसे एकदम भरणं बंद केलं, आता महिन्याचं महिन्याला भरतात. लाल दिवा लागला तर दादासाठी मोबाइलचं डेटा पॅक तयार आहे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चार दिवस गेले तर नव्या कंपनीचं कनेक्शन घ्यायचं आणि जुन्या कंपनीकडे फक्त फोन ठेवायचा, परवडेल तसा. दादाला हे पटलेलं नाही, तो तीनशेचा कागद अजून फ्रिजवर चिकटवून आहे. मी त्याला चूक म्हणत नाही, रजा त्याच्या गेल्या होत्या.

गेल्या रविवारी रत्नागिरीचा फोन आला. आज्जी पाऊण तास बोलली. मी मागच्या खोलीत माझी ती अर्धी राहिलेली कविता पुरी वाचून रेकॉर्ड केली आणि मंडळाला पाठवली. एकदाही न गोठता.