पेटीतली विद्या : बाबासाहेबांचे अर्थशास्त्र कोणी वाचायचे?

१/ एप्रिल आणि डिसेंबर हे महिने आले की एक वाक्य हातोहात फिरू लागते : "डॉ. आंबेडकरांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली." वाक्य पुढे धाडणारे पुष्कळ, ग्रंथ उघडणारे विरळा. या अज्ञानाचा दोष केवळ तरुणांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांवरील विद्वत्तापूर्ण लेखन सामान्य वाचकासमोर ठेवायचेच नाही, या जुन्या सवयीचे हे फळ आहे. 🧵

२/ ही सवय बाळगणारे तीन कारणे सांगतात. लोक अशा लेखनाचा भलता अर्थ लावतील. सर्वांना खुले केले की त्याचा दर्जा घसरेल. आणि फुकट वाटले तर लेखकाने खायचे काय? या तिन्ही आक्षेपांची परीक्षा बाबासाहेबांच्याच लेखनाच्या इतिहासावर करता येते. त्यांचे काही लेखन हयातीत लोकांपुढे आले, काही पेट्यांत पडून राहिले. दोहोंची पुढे काय गत झाली, हे समोर आहे.

३/ त्याआधी परंपरेविषयी थोडे. महाराष्ट्रातील आधुनिक अर्थविचार वृत्तपत्राच्या पानांवर वाढला. १८४८ पासून लोकहितवादींची 'शतपत्रे' भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात येऊ लागली आणि देशाचे दारिद्र्य, व्यापार, राज्यकारभार हे विषय मराठी वाचकाच्या दारात पोहोचले. १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावरील आपले प्रसिद्ध प्रतिपादन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यानरूपाने मांडले : इंग्लंडात घडलेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळी सारखे लागू पडत नाहीत. शास्त्राच्या मुळावरचा हा तात्त्विक आघात भर सभेत झाला. त्यामुळे त्या शास्त्राचा दर्जा घसरल्याची नोंद कोठेही नाही.

४/ तरुण आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. संस्थानाच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या करांतून. म्हणजे ज्या शेतकऱ्याने कोलंबियाचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या साऱ्याचा अंश त्या विद्येत होता. विद्वत्तेचा खर्च समाज उचलतो. मग तिचे फळ समाजापासून दडवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

५/ ९ मे १९१६ रोजी कोलंबियात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला गेला. श्रोते मूठभर. तो खोलीतच राहिला असता, तर विद्यार्थ्याच्या टिपणापलीकडे त्याला आयुष्य नव्हते. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला आणि १९४४ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या तिसऱ्या आवृत्तीला जोडला गेला. चर्चासत्राच्या खोलीतून विद्वानांच्या मासिकात, तेथून कार्यकर्त्याच्या झोळीत, असा हा अठ्ठावीस वर्षांचा प्रवास आहे.

६/ १९१८ साली 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'त त्यांचा लहान शेतांवरील निबंध आला. तुकडे जोडून मोठी शेते करा, हा त्या काळचा सरकारमान्य उपाय. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठे, हे बिघे मोजून ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती माणसे आहेत यावरून ठरते. भारताच्या जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे रिकामी अडकली आहेत. त्यांना उद्योगधंद्यांत काम मिळाल्याखेरीज शेती सुधारणार नाही. जमिनीवरील या अतिरिक्त श्रमाचा विचार पुढे जगभर गाजला तो आर्थर लुईस यांच्या १९५४ सालच्या निबंधामुळे. छत्तीस वर्षे आधीचे मुंबईतील विवेचन थोड्यांच्याच नजरेस पडले होते.

७/ त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात बर्ट्रांड रसेल यांच्या समाजपुनर्रचनेवरील ग्रंथाचे बाबासाहेबांनी केलेले परीक्षण आले. युद्ध, बळाचा वापर, संपत्तीचा मोह अशा प्रश्नांत अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांची गाठ कशी पडते, याचा हा उत्तम नमुना आहे. विधायक शक्ती आणि हिंसा यांत भेद करणारे हे परीक्षण पंचविशीतल्या तरुणाने, जगप्रसिद्ध तत्त्वज्ञाच्या ग्रंथावर, कोणाची भीड न ठेवता लिहिले. आजच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला रसेल नेमलेला असतो. हे परीक्षण कोणी हाती ठेवत नाही.

८/ विद्या खुली करणे म्हणजे ती स्वस्त करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी कोलंबिया विद्यापीठाचा तत्कालीन नियम पाहावा. प्रबंध मान्य झाला तरी छापील प्रती दाखल झाल्याखेरीज डॉक्टरेट मिळत नसे. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ प्रा. सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि पीएच.डी. अधिकृतपणे मिळाली ती १९२७ साली. प्रकाशन हा तेथे विद्वत्तेचा अवमान नव्हता, ती विद्वत्तेची अट होती.

९/ आता 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. लंडनला डी.एस्सी.साठी लिहिलेला हा प्रबंध १९२३ साली पी. एस. किंग अँड सन यांनी छापला. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची, आणि तीत कॅनन स्वच्छ सांगतात की ग्रंथातील बरीचशी टीका आपल्याला मान्य नाही; तरीही विचारांचा ताजेपणा त्यांना भावला. मतभेद मांडणारी प्रस्तावना शिष्याने ग्रंथाच्या तोंडाशी छापली. विचार लोकांपुढे ठेवणे म्हणजे विरोधालाही निमंत्रण देणे, हे यातून शिकावे.

१०/ ग्रंथाचा मुद्दा काय? त्या काळी रुपया प्रत्यक्ष सोन्यात नव्हे, तर स्टर्लिंगशी विनिमयदराने बांधलेला होता. केन्स यांनी १९१३ च्या पुस्तकात या व्यवस्थेची भलामण केली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. बाहेरचा विनिमयदर सांभाळला म्हणजे देशातील किमती स्थिर राहतात असे नाही, आणि महागाईचा मार गरिबावर पडतो. म्हणून नवे रुपये पाडणे बंद करून चलनाला ठाम मर्यादा घाला आणि सोन्याचे नाणे चालवा, असा त्यांचा उपाय होता. तो आज मान्य होईल की नाही, हा वादाचा विषय आहे. पण वाद घालण्यापूर्वी वाचावे लागते.

११/ आणि रिझर्व्ह बँक? बाबासाहेबांनी डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. कायदा १९३४ चा, बँकेचे काम सुरू झाले १ एप्रिल १९३५ रोजी. आयोगापुढील त्यांचे योगदान खरे आहे. परंतु ग्रंथाचा गाभा आहे चलनाची मर्यादा, बँकेची स्थापना नव्हे. फिरते वाक्य त्यांचा गौरव करू पाहते आणि त्यांचा खरा युक्तिवादच पुसून टाकते. 'लोक भलता अर्थ लावतील' या आक्षेपाला येथेच उत्तर मिळते : भलता अर्थ ग्रंथ वाचणाऱ्यांनी रुजवलेला नाही, न वाचणाऱ्यांनी रुजवला आहे.

१२/ न वाचण्याचे कारणही ऐका. १९४७ साली हा ग्रंथ नव्या नावाने पुन्हा निघाला. तेव्हा प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की पहिली आवृत्ती वर्षा-दोन वर्षांतच संपली. मागणी होती, पण कायदा आणि राजकारण यांमुळे दुसरी आवृत्ती काढायला सवड झाली नाही. रिझर्व्ह बँकेचा कायदा झाला, महायुद्ध आले आणि गेले, महागाई भडकली. या सर्व काळात रुपयाविषयीचा हा ग्रंथ बाजारात नव्हता.

१३/ याच्या शेजारी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ठेवून पाहावे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण. मंडळाला त्यातील मजकूर खटकला, बदल करण्यास बाबासाहेबांनी नकार दिला आणि परिषद बारगळली. त्यांनी भाषण स्वतः छापले. इंग्रजीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या; १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली होती, मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम भाषांतरे चालू होती. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका आणि तिला आपले उत्तर, दोन्ही दिले. व्यासपीठ नाकारले गेलेले भाषण छापल्यामुळेच देशभर पोहोचले.

१४/ आणि जे छापले गेले नाही त्याचे काय झाले? ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाल्यावर त्यांची कागदपत्रे न्यायालयाच्या ताब्यात गेली, पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे आली. हस्तलिखितांच्या पेट्या वर्षानुवर्षे बंद राहिल्या. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. मून यांच्या हाती आलेले कित्येक ग्रंथ अपुरे होते, पाने गहाळ होती. 'इंडिया अँड द प्रीरिक्विझिट्स ऑफ कम्युनिझम' या योजिलेल्या ग्रंथाचा तर अंशच उरला आहे.

१५/ 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा निबंध घ्या. दारिद्र्य आणि शोषण संपवण्याच्या ध्येयाविषयी दोघांत किती साम्य आहे आणि साधनांविषयी, म्हणजे हिंसा आणि हुकूमशाही यांविषयी, अंतर कोठे पडते, याची ती छाननी आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बाबासाहेब याच विषयावर बोलले होते. निबंध मात्र १९८७ साली तिसऱ्या खंडात आला. एकतीस वर्षे! नक्षलबारी, दलित पँथर, आणीबाणी हे सारे या काळात घडून गेले. मार्क्स की आंबेडकर यावर महाराष्ट्रातील तरुण रात्री जागवत होते, आणि त्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा निबंध पेटीत होता.

१६/ कायद्याने ही दरी अधिक रुंद केली आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. म्हणून हयातीत प्रसिद्ध झालेले बाबासाहेबांचे ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. पण मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाला साठ वर्षे मोजायची ती प्रकाशनाच्या सालापासून. जे १९८७ साली उजेडात आले, त्यावर हक्काची छाया २०४७ अखेरपर्यंत राहू शकते. एकाच लेखकाचे एक लेखन मुक्त, दुसरे बांधलेले. फरक एवढाच की एक वेळेवर छापले गेले.

१७/ शासनाने खंड काढले, ते अल्प किमतीत दिले, आज ते परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु छापील खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, हेही विसरता येणार नाही. ज्यांच्या पुतळ्यांसाठी निधी कधी कमी पडत नाही, त्यांच्या ग्रंथांसाठी न्यायालयाला बोलावे लागते.

१८/ राहिला पोटाचा आक्षेप. तो कादंबरीकाराने घेतला तर रास्त आहे. त्याची उपजीविका पुस्तकाच्या विक्रीवर असते. विद्यापीठीय संशोधकाला पगार किंवा अधिछात्रवृत्ती मिळते ती बहुधा जनतेच्या पैशातून, आणि शोधनियतकालिके त्याला लेखाचे मानधन सहसा देत नाहीत. निबंध खुला केल्याने त्याचा एक रुपयाही बुडत नाही. बुडालेच तर नियतकालिकाच्या मालकाचे बुडते, आणि मालकाच्या नफ्याला लेखकाची भूक म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

१९/ तेव्हा मागणी साधी आहे. अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांवर लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी अभ्यासकाने आपले प्रबंध आणि निबंध हयातीतच सर्वांसमोर ठेवावेत, शक्य तेथे मराठीत ठेवावेत, आणि विरोधकाची टीकाही शेजारी छापण्याची उदारता दाखवावी. अपुरे वाटते म्हणून थांबू नये. पेटीत ठेवलेले पूर्ण होत नाही, त्याची पाने हरवतात.

२०/ आणि वाचकांनी येत्या १४ एप्रिलला ते रिझर्व्ह बँकेचे वाक्य पुढे धाडण्याऐवजी सहावा खंड उघडावा. रुपयावरचा ग्रंथ त्यातच आहे, लहान शेतांवरचा निबंध पहिल्या खंडात आहे. दहा पाने वाचून एक शंका विचारावी. कॅनन यांच्याप्रमाणे असहमत झाले तरी चालेल. ज्यांनी आपल्या ग्रंथाच्या दारातच असहमतीला जागा दिली, त्यांना न वाचता वाहिलेल्या फुलांपेक्षा वाचून घेतलेला आक्षेप अधिक रुचला असता.

(समाप्त) #मराठी #इतिहास #अर्थशास्त्र