शिट्ट्या किती झाल्या?

साखरेच्या डब्यात ते तपकिरी गोळे असतात ना, ते आमच्या घरात कोण करतं हे मला गेली ३१ वर्षं माहीत आहे. चहात ढवळलेला चमचा तसाच ओला डब्यात जातो, त्याला साखर चिकटते, रात्रभरात कडक होते आणि सकाळी डब्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी नाही." घरात चहा पिणारी माणसं तीन. एक मी. दुसऱ्या सासूबाई, त्या बिनसाखरेचा घेतात. आता राहिलं कोण?

फ्रिजमधली बाटली तळाशी घोटभर पाणी ठेवून परत जागेवर जाते, म्हणजे ती भरायची पाळी दुसऱ्यावर. चिवड्याचा रिकामा डबा झाकण लावून फळीवर चढतो. नेलकटर कुठे असतो हे कुणालाच माहीत नसतं, मात्र तो जागेवर नाही हे सगळ्यांना माहीत असतं. यावरून मी बडबडते, भांडी जरा जोरात ठेवते आणि विषय संपतो. ही चीड तशी पचणारी. न पचणारी चीड वेगळी. ती कुणी काही सांडल्याने येत नाही, कुणी काही सुचवल्याने येते.

आमचे हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चाळीसेक वर्षं बॉयलर आणि पंप यांच्यात काढलेला माणूस घरी बसला की त्याचं लक्ष वाफ कुठे आहे तिकडेच जाणार. घरात वाफ एकाच ठिकाणी, माझ्या कुकरला. एका सकाळी पेपर हातात घेऊन ते ओट्यापाशी आले आणि म्हणाले, "अगं, तीन शिट्ट्या कशाला करतेस? पहिली झाली की गॅस बारीक करायचा. मग दहा मिनिटं. बास."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं काय कच्चं वरण खाल्लंत?"

इथे थांबले असते तर बरं होतं. पण ते इंजिनिअर, आणि मी त्यांची बायको. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं (पुण्यात ९८ला, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, हे मुद्दाम मला चिडवायला). झाकण लावून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. एकदा तिथवर पोचलं की शिट्टीचं वजन तेवढा दाब राखतं. खाली जाळ कितीही मोठा केला तरी आतलं तापमान वाढत नाही, जास्तीची वाफ नुसती फुस्स करून छताला जाते. "म्हणजे तुझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीला आपण सिलिंडरचे पैसे देतो." वर आणखी इतिहास. पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली असं बंद भांडं केलं, ते हाडं मऊ शिजवायला. त्याला शिट्टी नव्हती, वजन टांगलेली झडप होती.

"आपल्याकडे हाडं शिजत नाहीत," मी म्हटलं आणि तिसरी शिट्टी होईपर्यंत गॅसला हात लावला नाही. त्या दिवशी चौथीही होऊ दिली.

शिट्ट्यांचा हिशेब हा आमच्याकडे एकट्या बाईचा कधीच नव्हता. सासूबाई आतल्या खोलीतून मोजतात. त्यांचं वय ८४, टीव्ही मोठ्याने लागतो, पण शिट्टी ऐकू येते. मी एकीकडे भाजी परतत मोजत असते. मध्येच दाराची बेल वाजते, कचरेवाला येतो आणि मग घरभर एकच प्रश्न, "किती झाल्या?" सासूबाईंच्या दोन, माझ्या तीन, ह्यांचा आकडा नाही, ह्यांचं तत्त्व. आठ दिवस हा वाद चालला. मुलीला फोनवर पंच नेमलं तर ती म्हणाली, "आई, मी इलेक्ट्रिक कुकर घेतलाय, त्याला कळतं." तेव्हापासून तिच्याशीही जरा तुटकच बोलले.

वाचकांना वाटेल, बाई एवढ्याशा गोष्टीवरून काय पेटली. मलाही तेच वाटतं, पण नंतर. या सदरात मी दर आठवड्याला कशावर तरी मत ठोकते. त्यावर पत्रं येतात, त्यातली अर्धी माझ्या विरुद्ध. मागे एका आजोबांनी मला चार पानी पत्र लिहून माझं मराठी सुधारलं. मी त्यांना दोन पानी, आदराचं, आभाराचं उत्तर पाठवलं. त्याच संध्याकाळी हे म्हणाले की आमटीला मीठ अंमळ जास्त झालंय, तर मी जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलले नाही. वाटी मात्र रिकामी होईपर्यंत बघत बसले.

मग कुकरने स्वतःच निकाल लावला. कडेने वाफ यायला लागली, शिट्टी होईचना, आणि वरण दोनदा अर्धवट शिजलं. कुकर पिशवीत घालून मी रविवार पेठेत गेले. तिथे बोळात एक दुरुस्तीवाले आहेत, गाळा इतका अरुंद की गिऱ्हाईक रस्त्यावर आणि कुकर आत. त्यांनी झाकण उलटं केलं, रबर बोटाने ताणून पाहिलं, शिट्टी काढून नळीच्या भोकात तार घातली. तारेबरोबर डाळीचा पिवळा, वाळलेला खडा बाहेर आला. तो तळहातावर ठेवून मला दाखवला.

"ताई, किती शिट्ट्या करता?"

"तीन. कधी चार."

"नका करू. पहिली झाली की बारीक करायचा गॅस. दणकून शिट्ट्या झाल्या की डाळीचं पाणी वर उसळतं, भोकात बसतं. रबरपण लवकर जातं. गॅस वाचंल ते वेगळंच."

आणि मी काय केलं? मान डोलावली. "हो का? बरं झालं सांगितलंत," असं म्हणाले. आठ दिवस जे वाक्य माझ्या ओट्यापाशी उभं राहून अपमान वाटत होतं, तेच रविवार पेठेत, नवीन रबराच्या पैशांसकट, मी ज्ञान म्हणून विकत घेतलं. त्या माणसाने समुद्रसपाटी काढली नाही हे खरं. पण तेवढ्यानेच फरक पडला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला शिट्ट्यांबद्दलचं मत खटकलं नव्हतं. माझ्या ओट्यावर ह्यांना मत असावं, हे खटकलं होतं.

परतताना रिक्षा गुरुवार पेठेतून आली. पंचहौदाच्या चर्चचा मनोरा दिसला की मला नेहमी ती चहाची गोष्ट आठवते. १८९०च्या ऑक्टोबरात तिथल्या मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक होते, रानडे होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता तोंडाला लावला, कुणी शिवलाही नाही. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि ख्रिस्त्यांकडच्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी सनातन्यांचं समाधान झालं नाही. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं, तर सुधारकच त्यांच्यावर तुटून पडले. एका कपापायी दोन्हीकडून मार.

शाळेत असल्यापासून मी या गोष्टीत स्वतःला चहा पिणाऱ्यांत बसवत आले. मी असते तर अख्खा कप संपवून वर बिस्किट मागितलं असतं, वगैरे. त्या दिवशी मांडीवर कुकर घेऊन बसले असताना वाटलं, छे, आपण कसल्या चहा पिणाऱ्या! आपण गोपाळराव. ओला चमचा कुणी घातला, बाटली कुणी रिकामी ठेवली, आमटीला नाव कुणी ठेवलं, याची ३१ वर्षांची यादी माझ्याकडे तारीखवार आहे. ती छापायला फक्त 'पुणे वैभव' उरलेलं नाही.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की दुरुस्तीवाल्यांनी एकाच शिट्टीनंतर गॅस बारीक करायला सांगितलाय. हे पेपर वाचत होते. आता ते "मी काय सांगत होतो!" म्हणणार, म्हणून मी पुढचं वाक्य तयार ठेवून उभी राहिले. ते म्हणाले, "असं का? बरं." आणि पान उलटलं. पेपराची घडी नेहमीसारखी उलटी. माझं तयार वाक्य तसंच राहिलं, अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शिट्टी झाली. मी गॅस बारीक केला, घड्याळात पाहिलं, कोशिंबिरीला काकडी चोचवायला घेतली. कुकर गप्प. पाच मिनिटं झाली, सात झाली. आतून टीव्हीचा आवाज कमी झाला.

"एकच झाली गं," सासूबाई म्हणाल्या. "अजून दोन व्हायच्यात."

"हो, आई."

दहा मिनिटांनी गॅस बंद केला. वाफ जिरली, झाकण काढलं. डाळ बोटाने दाबली की पीठ होत होती. भांड्याच्या कडेला फेसाचा एक थेंब नाही, ओट्यावर पिवळे शिंतोडे नाहीत.

"झाल्या का गं तीन?"

बैठकीत पेपर जरासा खाली आला.

"झाल्या," मी म्हटलं.