रांगेचा न्याय

रांग म्हटली की आपल्याला रेशनचे दुकान आठवते. परंतु आजची सर्वांत मोठी रांग डोळ्यांना दिसतच नाही. प्रकाशतंतूंतून धावणारी माहिती छोट्या छोट्या पॅकेटांत विभागलेली असते, आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर कोणते पॅकेट आधी सोडायचे हे राउटर ठरवतो. प्रकाश साठवून ठेवणे अवघड, म्हणून पॅकेटे तेथे विद्युतरूपात आणून थांबवावी लागतात.

'आधी येईल तो आधी जाईल' हा नियम वरवर न्याय्य वाटतो. पण २०१२ साली खाणी बंद होण्यापूर्वी आमच्या सुर्ला-साखळी भागात खनिजाच्या ट्रकांमागे अडकलेल्यांना विचारा! पुढचा ट्रक उजवीकडे वळण्यासाठी खोळंबला, की डावीकडची वाट मोकळी असूनही मागचा अडकतो. राउटरातही तसेच होते. प्रत्येक प्रवेशद्वारी एकच रांग असेल, तर मोठ्या राउटराची सुमारे ५८.६ टक्केच क्षमता वापरता येते, असे १९८७ साली गणिताने दाखवले. उपाय साधा: प्रत्येक बाहेरच्या वाटेसाठी वेगळी रांग.

पण मोठी पॅकेटे लहानांना मागे सारतात, त्याचे काय? १९९५ साली श्रीधर आणि आय.आय.टी. मुंबईचे पदवीधर जॉर्ज वर्गीस यांनी काढलेली युक्ती आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल. दर फेरीला प्रत्येक रांगेच्या खात्यात ठराविक वाटा जमा होतो. पॅकेट त्यात मावले नाही तर ते थांबते, आणि शिल्लक पुढच्या फेरीत ओढली जाते. रांग रिकामी झाली की शिल्लक शून्य. उधारी नाही, साठेबाजीही नाही!

मात्र कोणाचा वाटा किती, हे यंत्र ठरवत नाही; माणूस ठरवतो. एखाद्या बड्या कंपनीने जास्त पैसे मोजून आपली पॅकेटे पुढे काढली तर बिघडले कुठे, असे काही जण विचारतात. वाणिज्याचा विद्यार्थी असूनही मला हे पटत नाही. गर्दीच्या वेळी एकाला पुढे काढणे म्हणजे दुसऱ्याला मागे ढकलणेच होय. मग मराठी वा कन्नडमधील एखादे छोटे नियतकालिक त्या रांगेत कुठे उभे राहणार? आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ साली मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली. २०१८ साली केंद्र सरकारने वेगातील भेदभावही अमान्य केला. निकडीच्या विशेष सेवांना तेवढी सवलत ठेवली. हे योग्यच झाले.

रांगेचा हिशेब अभियंत्यांनी जरूर मांडावा. पण तो तपासण्याचा हक्क रांगेत उभ्या असलेल्या आपणा सर्वांचा आहे. तो आपण सोडता कामा नये.